गावंडेबाई आणि मधली सात मिनिटं

अमरावतीच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात सूचनाफलकावर एक कागद कायम असायचा. बाकीच्या सूचना बदलत, टाचण्या गंजून जात, हा कागद हलत नसे. 'महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता सभागृहात चित्रपट दाखवला जाईल. हजेरी घेतली जाईल.' खाली सही : सुमन गावंडे, अधीक्षिका. चित्रपटाचं नाव कुठेच नाही. नव्या मुली जुन्या मुलींना विचारत, या महिन्यात कोणता आहे? जुन्या मुली म्हणत, कळेल.

चित्रपट एकच होता. 'सासरा पडला हौदात'. अकरावीपासून बी.एस्सी.पर्यंत पाच वर्षं मी तिथे काढली. सुट्ट्या आणि परीक्षा सोडल्या, तरी तो मी चाळीसेक वेळा पाहिला असेल. अमरावतीच्या टॉकीजमध्ये तो चार दिवसही टिकला नव्हता, असं गावंडेबाईच सांगत, आणि सांगताना चूक अमरावतीची होती असा त्यांचा चेहरा असे.

बाई उंच, शिडशिडीत. इस्त्रीची सुती साडी, खांद्यावर पदराला पीन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांचं लग्न झालं होतं की नाही यावर मुलींमध्ये दोन पक्ष होते आणि दोन्ही पक्षांकडे पुरावा नव्हता. त्या मूळच्या अकोल्याच्या, पण आमच्याशी अगदी पुस्तकातल्यासारखं बोलत. कोणी 'मले भूक लागली' म्हटलं की ताट पुढे करायच्या आधी दुरुस्ती येई. "मला. मला भूक लागली आहे. मले म्हणालात, तर मुलाखत घेणारा पुढचं ऐकत नाही." शबाना नावाची आमच्या खोलीतली मुलगी म्हणायची, "भूक तर मलेच लागते, मला कुठं लागते." पण हे हळूच.

अशी बाई विनोदी चित्रपट, तोही धडपडीचा, दर महिन्याला हजेरी घेऊन का दाखवते, याचा उलगडा मला बरेच दिवस झाला नाही. बाई स्वतः हसत नसत. टीव्हीच्या बाजूला लाकडी खुर्ची टाकून ताठ बसत. फक्त आवडीची जागा जवळ आली की त्यांच्या उजव्या पायातली चप्पल सुटायची आणि अंगठा वर व्हायचा. हे ज्या मुलीच्या लक्षात पहिल्यांदा आलं तिनं सगळ्यांना सांगितलं. मग साठ मुली पडद्याकडे कमी आणि अंगठ्याकडे जास्त बघू लागल्या.

गोष्ट साधीच होती. एक हडकुळा जावई, म्हणजे व्हायचा जावई, मुलीच्या बापाला खूश करायला त्याच्या घरी येतो आणि लग्न लागेपर्यंत ते घर, अंगण, मांडव आणि सासरा यांची वाट लावतो. तो हडकुळा नट पुढे कुठे दिसला नाही. चित्रपट संपल्यावर दहा मिनिटं चर्चा असे. बाईंच्या मते तीन गोष्टी वेगळ्या होत्या : पडणं, घसरणं आणि आपटणं. "बाकीचे नट आपटतात," त्या म्हणत. "हा पडतो. पडायच्या आधी तो एकदाही खाली पाहत नाही. पडणाऱ्याला ठाऊक नसतं तो पडणार आहे. ज्यानं खाली पाहिलं, त्याचं संपलं."

एकदा चित्रपटात माणसं एकूण किती वेळा पडतात यावर वाद झाला. एक गट म्हणे एकोणीस, आमचा गट म्हणे वीस. भांडण सासऱ्याच्या हौदावरून होतं. बाईंनी निर्णय दिला : सासरा हौदात पडत नाही, त्याला बैलाचा धक्का लागतो, म्हणून ते ढकलणं झालं, पडण्यात धरायचं नाही. शबानानं हात वर केला. "बाई, पण नावातच आहे ना, सासरा पडला."

 बाई हजेरीपट मिटून निघून गेल्या. पुढच्या महिन्यात चित्रपट सुरू करण्याआधी उभ्या राहून म्हणाल्या, "मी विचार केला. नाव चुकलेलं आहे." आणि बटण दाबलं.

आता त्या सात मिनिटांबद्दल सांगायला हवं. चित्रपटाची कॅसेट बाईंना जब्बारभाईंनी दिली होती. त्यांचं व्हिडिओचं दुकान होतं आणि वसतिगृहाचा व्हीसीआर तेच दुरुस्त करत. कॅसेट देताना म्हणाले होते, "बाई, ही कोणी नेत नाही. तुमीच ठिवा. मधात मशीननं खाल्ली आहे थोडी, तेवढी मी कापून जोडली." त्यामुळे व्हायचं असं की जावई चुन्याची बादली घेऊन शिडीवर चढतो, पडद्यावर मुंग्या येतात, आणि मुंग्या गेल्यावर एकदम लग्नाचा मांडव. सासऱ्याचा पाय बादलीत अडकलेला. जावयाच्या अंगात नऊवारी. आणि मुलीच्या मामाच्या कमरेला एक बकरी. हे सगळं कसं झालं, ते कॅसेटमध्ये नव्हतं.

ते बाईंमध्ये होतं. मुंग्या आल्या की बाई व्हीसीआर थांबवत, किल्ल्यांचा जुडगा काढून खुर्चीवर ठेवत, पदर खोचत आणि टीव्हीसमोर उभ्या राहून मधली सात मिनिटं करून दाखवत. "मी थेटरात पाहिला आहे," एवढंच आधी सांगत. मग शिडी त्याच, जावई त्याच, बकरीही त्याच. आणि इथे त्यांची पुस्तकी भाषा कुठल्या कुठे जाई. "अरे बावा, ह्या शिडीले कोन बांधलं? मामानं? कायनं बांधलं? सुतळीनं? अन बकरी काय खाऊन राहिली?" बकरी सुतळी खायची, शिडी सुटायची, जावई चुन्यात. कपडे चुन्याचे झाले म्हणून दोरीवरचं वाळत घातलेलं लुगडं अंगाला गुंडाळायचा. तेवढ्यात सासरा आला, त्याला वाटलं विहीणबाई, तो अदबीनं दोन पावलं मागे सरला आणि पाय गेला बादलीत. इकडे बकरीनं मामाच्या धोतराचा सोगा गिळला होता. तो निघेना, म्हणून मामाला बकरीसकट मांडवात यावं लागलं.

हे करताना बाई खरोखर पडत. पन्नाशीची ती ताठ बाई काही न धरता, खाली न बघता, फरशीवर पडायची आणि साठ मुली पोट धरून लोळायच्या. मग त्या उठत, निऱ्या झटकत, जुडगा कमरेला लावत. "पुढे पाहा," म्हणत. आम्हा सगळ्यांना चित्रपटातला तोच भाग सर्वांत आवडायचा.

ती वर्षं आमच्याकडे वाईट होती. पाऊस नीट पडत नव्हता, पडला तर कपाशीच्या पऱ्हाटीवर अळी पडत होती, आणि गावागावांतून वाईट बातम्या येत. आम्ही बहुतेक साऱ्या कास्तकारांच्या मुली. वाचनखोलीत वर्तमानपत्र यायचं, त्यात कधी कधी जिल्ह्याचं पान नसायचं. आम्हाला वाटे, बाईंना रद्दी जमवायची सवय असेल. नंतर कळलं की ज्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्या गावाचं नाव त्या पानावर असे, त्या दिवशी बाई पान काढून ठेवत, कोपऱ्यावरच्या फोनवरून आधी त्या घरी चौकशी करत आणि मगच त्या मुलीला खोलीत बोलावत. तोवर पान त्यांच्या उशीखाली असे. 

वनिता तेल्हाऱ्याकडची. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बारावीला होती. एका शेवटच्या रविवारी दुपारी तिचे वडील आले. अंगात धुवट पांढरा सदरा, हातात रिकामी पिशवी. बाईंना म्हणाले, "ताई, पोरीले न्यायले आलो. लग्नाची एक जागा आली आहे. यंदाबी वावरात काही राह्यलं नाही. आता शिकून तरी काय होते?"

बाई म्हणाल्या, "आज गाडी नाही."

गाडी होती. पण त्यांनी पिशवी खाली ठेवली. तीन वाजत आले होते. पुरुषांना सभागृहात यायची परवानगी नव्हती, म्हणून बाईंनी व्हरांड्यात खिडकीबाहेर त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. "बसा. चित्रपट आहे. मग बोलू."

पहिली दहा मिनिटं ते गृहस्थ नुसते बसून होते. जावयानं पाटावर बसायला जाऊन पंगतच उलटी केली, तेव्हा खिडकीतून एक खोकल्यासारखा आवाज आला. मग दुसरा. मी खिडकीजवळच बसले होते. त्यांनी उपरण्याचं टोक तोंडात धरलं होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. वनिता मान खाली घालून बसली होती, पण तिचा कान तिकडेच होता.

मुंग्या आल्या. बाई उठल्या, जुडगा काढला आणि थबकल्या. परक्या पुरुषासमोर त्यांनी हे कधी केलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "वनिता, वडिलांना चहाला घेऊन जा."

"चहा नाई लागत ताई," खिडकीतून आवाज आला. "चालू द्या."

मग बाईंनी खिडकीकडे पाठ केली आणि सगळं नुसतं तोंडानं सांगितलं. शुद्ध भाषेत. बकरी सुतळी भक्षण करते, शिडी कोसळते, वगैरे. कोणी हसलं नाही. बाईंनी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात वनिताचे वडील अगदी मनापासून म्हणाले, "ताई, ते बालटी पायात कशी गेली, ते मले काही समजलं नाही."

 बाईंनी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. मग वळल्या, पदर खोचला, हात जोडून अदबीनं दोन पावलं मागे गेल्या आणि पडल्या. मी त्यांना इतकं चांगलं पडताना आधी पाहिलं नव्हतं. वनिताचे वडील खुर्चीवरून उठून खिडकीच्या गजांना धरून हसत होते. चित्रपट संपल्यावर ते बाईंना म्हणाले, "ताई, असं हसून लय दिवस झाले. घरी कोनी हासतच नाई आता."

मला वाटलं, झालं, काम फत्ते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वनिताला घेऊन गेले. बाईंनी दाराच्या नोंदवहीत तिची सही घेतली, पेटीला दोरी नीट बांधली आहे का पाहिलं. मी रडवेली झाले होते. "बाई, ते एवढे हसले, तरी नेलंच."

"मंदा," बाई म्हणाल्या, "हसून माणूस बदलतो असं तुला कोणी सांगितलं? हसून माणूस हसतो. जा, कॉलेजला उशीर होतो आहे."

पंधरा दिवसांनी बाईंनी रजा टाकली. अधीक्षिका म्हणून त्यांनी घेतलेली पहिली रजा, असं शिपाई सांगत होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं त्या आल्या, तेव्हा सोबत पेटी घेऊन वनिता होती आणि बाईंच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "एसटीचं दार लागलं."

खरं काय ते वनितानं त्याच संध्याकाळी सांगितलं. बाई तिच्या घरी गेल्या, ओसरीवर बसल्या आणि शिक्षणाचं महत्त्व त्यांनी अर्धा तास सांगितलं, पुस्तकी भाषेत. घरातलं कोणी हो म्हणेना, नाही म्हणेना. कारण घरात चालायचं आजीचं, आणि आजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. पोरीचं लग्न उरकून टाकायचं तिनंच मनावर घेतलं होतं. शेवटी वनिताचे वडील आजीला म्हणाले, "माय, ह्याच त्या. मी सांगलं नव्हतं काय. बालटीवाल्या."

आजीनं डोळे उघडले. "ह्या होय? मंग दाखवा करून."

वनिता म्हणाली, तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या अधीक्षिका, अन सारं गाव दारात. पण बाईंनी एक क्षण विचार केला आणि म्हणाल्या, "दाखवते आजी. पण मग पोरगी परीक्षा होऊस्तोर माही."

वनिता शपथेवर सांगत होती, 'माझी' नाही, 'माही' म्हणाल्या.

"पहिले दाखवा तं," आजी म्हणाली.

बाईंनी अंगणात सगळं केलं. शेजाऱ्याची खरी बकरी होती, तिनं काहीच मदत केली नाही. बाई पडल्या. लोक हसले. आजी म्हणाली, "मधात खांब आला, मले दिसलं नाई." तेव्हा बाई उठून खांबाच्या अलीकडे आल्या आणि पुन्हा पडल्या. मनगट गेलं ते या दुसऱ्या वेळी. आजी बोळक्या तोंडानं इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "न्या बाप्पा तिले. जागा काही पळून नाई जात."

वनिता बारावी पास झाली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्नही झालं, ते काही टळलं नाही. पण सासरी जाताना ती निकालाचा कागद पेटीत घालून घेऊन गेली, आणि त्यावर तिला पुढे अंगणवाडीत काम मिळालं. अजून करते. तिच्या मुलांना बकरी, शिडी आणि बादली पाठ आहे. चित्रपट त्यांनी पाहिलेला नाही.

मी शिकून अंजनगावला शाळेत विज्ञान शिकवायला लागले. बाई निवृत्त होऊन अकोल्याला बहिणीच्या घरी वरच्या मजल्यावर राहू लागल्या. वर्षातून एखादी चक्कर मी मारत असे. शेवटच्या वेळी गेले तेव्हा मी त्यांच्यासाठी एक भेट नेली होती. कोणा हौशी माणसानं 'सासरा पडला हौदात' आख्खा इंटरनेटवर टाकला होता. त्याखाली पंधरा-वीस माणसांनी लिहिलंही होतं की लहानपणी पाहिला होता, इतकी वर्षं शोधत होतो. मी तो मोबाईलमध्ये घेऊन गेले. "बाई, मधली सात मिनिटं आहेत यात."

बाईंनी चष्मा पुसला. खुर्चीत ताठ बसल्या. जावई शिडीवर चढला.  आणि सुरू झालं गाणं. बगीच्यात नायिका आणि जावई. झोपाळा, कारंजं, तीन वेळा बदललेली साडी. सात मिनिटं. गाणं संपलं आणि थेट मांडव : पायात बादली, अंगात नऊवारी, कमरेला बकरी.

"मागे घे," बाई म्हणाल्या.

मी घेतलं. पुन्हा गाणं, पुन्हा मांडव.

"शिडी कुठे गेली?"

"नाही दाखवली, बाई."

"बकरी सुतळी खाते ते?"

"नाही."

बाईंनी मोबाईल उलटा करून मागची बाजू पाहिली. मला वाटलं, उगाच आणला. मी विचारलं, "पण बाई, तुम्ही थेटरात पाहिला होता ना?"

"पाहिला होता. पहिल्याच दिवशी." मग म्हणाल्या, "गाणं लागलं म्हणून मी शेंगदाणे घ्यायला बाहेर गेले. परत येऊन पाहते, तर बालटी पायात. मला वाटलं, माझ्याच हातून गेलं ते. तवापासून विचार करून राहिली मी मंदा, कशी गेली असंल."

त्यांनी चष्मा काढून त्याची घडी घातली. चेहरा अगदी परीक्षकाचा.

"अन यांनी केलंच नाही," म्हणाल्या. "इतकं सोपं होतं."

पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. बहिणीचा निरोप मला उशिरा मिळाला. मला त्या दिसतात त्या मी मोबाईल घेऊन गेले त्याच दिवशीच्या दुपारी, अकोल्याच्या बसस्थानकावर. मी नको म्हणत असताना त्या मला सोडायला आल्या होत्या. खिडकीच्या जागेवर एका माणसानं रुमाल टाकून ठेवला होता आणि स्वतः खाली पान खात उभा होता. बाई गाडीत चढल्या. रुमाल म्हणजे माणूस नव्हे, हे त्यांनी त्याला वर बोलावून समजावलं. तो येऊन रुमालावर बसला आणि ऐकेना. बाईंनी आणखी दोन मुद्दे मांडले. तोवर कंडक्टरनं घंटी मारली, गाडी फाटकातून बाहेर पडली आणि शहर मागे सरू लागलं. माणूस उठला, मी खिडकीशी बसले, तेव्हा बाईंनी बाहेर पाहिलं.

"आजी, तिकीट," कंडक्टर म्हणाला.

"मी प्रवास करत नाही आहे," बाई म्हणाल्या.

"मंग काय करून राहिल्या?"

सगळी गाडी हसली. बाईंनी पदर सारखा केला. "थांबवा. माझं इथेच काम होतं."

गाडी जिथे थांबली तिथे एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग होतं आणि त्यापलीकडे वावरं. मी उठू लागले तर त्यांनी हातानं बस अशी खूण केली आणि उतरल्या. मागच्या काचेतून मी पाहत होते. ऊन रणरणत होतं. बाईंनी पर्स डोक्यावर धरली, एक रिक्षावाला हळू झाला त्याला मानेनंच नको म्हटलं, आणि ज्याचं काम नुकतंच आटोपलं आहे अशा माणसासारख्या, एकदाही खाली न पाहता, अकोल्याच्या दिशेनं चालू लागल्या.